कॉम्प्युटरमधले थुआनकाका

तीन वाजायच्या आतच न्यानबाईंच्या ओसरीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. कालव्याच्या पायऱ्यांशी होड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या. आणि या सगळ्या गर्दीचं दैवत? टेबलावर ठेवलेला एक जुना, पिवळट पडलेला कॉम्प्युटर! त्याच्यासमोर भाताची मूद होती, उकडलेला कोंबडा होता, केळ्यांची फणी होती आणि मधोमध एक उदबत्ती. उदबत्तीच्या निम्म्यावर लाल शाईची खूण.

"कुणी हलायचं नाही!" क्वोई गुरूंनी दम भरला. "खोकायचं असेल त्यानं आत्ताच खोकून घ्यावं."

सगळ्या ओसरीनं आज्ञाधारकपणे खोकून घेतलं.

क्वोई गुरू चाळिशीचे, गुळगुळीत तोंडाचे, अंगात पिवळा रेशमी झगा. आवाज असा की कालव्यापलीकडच्या म्हशींनीसुद्धा कान टवकारावेत. "मंडळी, आत्मा म्हणजे काय? वीज! कॉम्प्युटरमध्ये काय असतं? वीज! मग विजेला विजेचीच ओढ लागणार की नाही? पूर्वी आत्मे वडाच्या झाडावर राहायचे, कारण तेव्हा गावात वीज नव्हती!"

"खरंच की," शेवया करणारी तुयेत पुटपुटली. "माझ्या आजीच्या वेळी वडावरच असायचे."

उदबत्ती जळत खाली आली. मॉनिटरवर नुसता रिकामा निळा पडदा. गुरूंचं पुटपुटणं सुरूच होतं. राख लाल खुणेला टेकायला आणि पडदा पालटायला एकच गाठ पडली! समोर साक्षात थुआनकाका. तीन महिन्यांपूर्वी वारलेले थुआनकाका मांडीवर कलिंगड घेऊन, तोंडभर हसत बसलेले. सगळ्या ओसरीचे हात आपोआप जोडले गेले. सहा-सात सेकंद ते हसले, विरले, आणि दुसऱ्या रूपात प्रकटले, फुलांच्या टोपल्यांशेजारी.

सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून न्यानबाई बसल्या होत्या. पत्नीची सावली यंत्रावर पडता कामा नये, असा गुरूंचा नियम होता. मोतीबिंदूनं अधू झालेल्या डोळ्यांना एवढ्या लांबून दिसायचा तो नुसता एक उजेडाचा डाग. पण तो डाग हसतोय एवढं त्यांना कळायचं, आणि त्या पदराआड रडून घ्यायच्या.

"ते हसतायत," गुरू म्हणाले, "पण आतून तळमळतायत. यंत्रात कोंडलेत बिचारे. परवा त्यांना जाऊन शंभरावा दिवस. त्या दिवशी हे यंत्र माझ्या मठात आलं पाहिजे. मी विधिपूर्वक त्यांना पलीकडे पाठवीन. नाही आलं, तर आत्मा कायमचा या डब्यात अडकला म्हणून समजा!"

न्यानबाईंनी डोळे पुसून पुन्हा त्या डागाकडे पाहिलं. कॉम्प्युटर गेला, की तो उजेडाचा डागही जाणार होता.

या सगळ्याला सुरुवात झाली होती एका साध्या प्रश्नावरून.

थुआनकाकांचा जन्म गेला होडीची इंजिनं दुरुस्त करण्यात. म्हातारपणी त्यांना कॉम्प्युटरचा नाद लागला. मुलगा विन्ह तैवानच्या कारखान्यात. त्याच्याशी पत्रव्यवहार व्हावा म्हणून त्यांनी हा जुना कॉम्प्युटर घेतला. तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, सणाआधी दहा-बारा दिवस विन्हनं गावी परतणाऱ्या एका सोबत्याबरोबर कॅमेरा पाठवला आणि एक जाकीट पाठवलं. जाकीट तिकडच्या थंडीचं, आत कापूस भरलेलं. इकडे घामाच्या धारा! पण तेतच्या दिवशी काकांनी ते अंगात चढवलं, गळ्यापर्यंत चेन ओढली, मांडीवर कलिंगड घेतलं आणि म्हणाले, "काढ फोटो. पोराला दिसू दे, बाप थंडीत कसा मजेत आहे."

तो फोटो न्यानबाईंनी काढला. आयुष्यात त्यांनी काढलेला तो एकच फोटो. काढताना दोघंही इतकी हसली, की कलिंगड घरंगळलं.

काकांनी फोटो कॉम्प्युटरात उतरवून घेतले. विन्हला पाठवीन म्हणाले. पत्राला फोटो जोडायचा कसा ते आधी शिकतो म्हणाले. शिकता शिकता चैत्रवैशाखाच्या उन्हात एके दुपारी झोपेतच गेले. विन्हला यायला परवानगी मिळाली नाही. तो फोनवर एवढंच म्हणाला, "आई, जाकीट घातलं होतं का गं त्यांनी? तो फोटो तरी पाठव."

आणि फोटो सापडेना!

सून लिएननं शोधशोध शोधलं, कॅमेरा घरात आला त्या फेब्रुवारीपासून पुढचं सगळं. काकांच्या कॅमेऱ्याबरोबर आलेला प्रोग्रॅम फोटो तारखेप्रमाणे वेगवेगळ्या फोल्डरमध्ये लावून ठेवायचा. त्या वर्षी तेत आला होता सतरा फेब्रुवारीला. लिएननं सतरा फेब्रुवारीचं फोल्डर उघडलं, तर आत शेजारच्या हाईकाकांची बदकाची पिल्लं! एक नाही, दोन नाही, एकेचाळीस फोटो, सगळ्यांत पिल्लं. "आई, बाबांनी सणाच्या फोटोंवर चुकून बदकं चढवलेली दिसतात," लिएन रडवेली होऊन म्हणाली.

मग देवघरात, पूर्वजांच्या चौरंगावर फोटो कुठला लावायचा? ओळखपत्रावरचाच मोठा करून लावला. त्यात काका असे बघत होते, जणू समोर कुणी उधार मागायला उभा आहे. न्यानबाई रोज त्यांच्यापुढे भाताची वाटी ठेवायच्या आणि म्हणायच्या, "नका ना असं डोळे वटारू. जेवा."

म्हणून त्यांनी क्वोई गुरूंना बोलावलं, एवढंच विचारायला, "ह्यांना विचारा ना, तो हसरा फोटो कुठे ठेवलाय?"

गुरू आले. खोली शुद्ध करायची म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावून घेतलं. अर्ध्या तासानं घाम पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "बाई, फोटो राहू द्या. प्रत्यक्ष तेच आत आहेत!"

आज ओसरी रिकामी झाली, तशी त्याच संध्याकाळी न्यानबाई फुलं घेऊन विहारात गेल्या. सातव्या महिन्याची पौर्णिमा, पितरांचा महिना. विहारात धूप दाटलेला. तिथल्या भिक्षुणीला सगळं गाव आत्या म्हणायचं. साठीच्या, गोल चेहऱ्याच्या, प्रवचन द्यायला बसल्या की बायका चुलीवरचं विसरायच्या. हसवत हसवत काळजाला हात घालणारी वाणी.

"आत्या," न्यानबाई म्हणाल्या, "कॉम्प्युटर देऊन टाकू का हो? द्यावा तर ते जातात. न द्यावा तर अडकतात."

आत्यांनी सुपारीची फुलं कुंभात नीट लावली. "येतात कधी ते?"

"उदबत्ती निम्मी जळाली की. पाव तास म्हणा."

"रोज पाव तासच?"

"रोज. आणि मध्ये कुणी टेबलाला हात लावला, की येत नाहीत. परवा तुयेतचा धक्का माऊसला लागला, तर आलेले निघून गेले! केवढं बोलले गुरू तिला."

आत्या हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला, पाणी प्यायल्या, पुन्हा हसल्या.

"अहो, हसता काय?"

"अगं न्यान, पन्नास वर्षं ज्या माणसानं तुझ्या हातचं खाल्लं, तो तुयेतच्या धक्क्याला घाबरून पळेल? जिवंतपणी तुझ्या लाटण्याला घाबरला नाही!" मग गंभीर होऊन त्यांनी न्यानबाईंचा हात धरला. "उद्या मी येते. तो कॉम्प्युटर मला जवळून बघायचाय. आमच्या विहाराच्या कॉम्प्युटरवरही रोज चमत्कार होतो. मी वाचता वाचता पेंगले, की पडद्यावर कमळं उमलतात."

दुसऱ्या दिवशी ओसरी आदल्या दिवसापेक्षा गच्च. यंत्र उचलून न्यायला गुरूंची होडी खाली तयार होती. आत्यांना बघून गुरूंच्या कपाळाला एक बारीक आठी पडली. पण नमस्कार मात्र त्यांनी वाकून केला.

"गुरू," आत्या म्हणाल्या, "आज आवाहन मी केलं तर चालेल?"

"मंत्र गुप्त असतात, आत्या. चाळीस दिवसांचं व्रत लागतं."

"माझं चाळीस वर्षांचं आहे. भागेल ना?"

लोक हसले. नाही म्हणायची सोय राहिली नाही. आत्यांनी माऊस जरासा हलवला, पडदा उजळला. मग हात मागे घेतला, उदबत्ती पेटवली, डोळे मिटले आणि प्रवचनाच्या संथ, घुमणाऱ्या स्वरात सुरुवात केली.

"अर्धा शेर टोफू घ्यावा... त्याचे चौकोनी तुकडे करावे... गवती चहाच्या पाच काड्या घ्याव्या... त्या बारीक, अगदी बारीक चिराव्या..."

ओसरीत आधी सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कुजबुज. मग तुयेतनं पदर तोंडात कोंबला.

"...मिरची दोन. घरात सासरा असेल तर एक..."

"आत्या!" गुरू ओरडले. "ही विटंबना आहे! अशानं आत्मा येणार नाही!"

"मग नाही येणार. थांबू या की. ...तेल तापू द्यावं... टोफू लालसर होईस्तोवर हलवावा... सोयाबिनाचा रस घालावा... आणि झाकण ठेवून..."

राख लाल खुणेला टेकली. झाकण ठेवायला आणि थुआनकाका प्रकटायला एकच गाठ!

हात जोडायचे की हसायचे, हे लोकांना कळेना. बदकंवाले हाईकाका तेवढे मोठ्यानं म्हणाले, "अहो, पण त्याला टोफू नजरेसमोर चालत नसे!"

"तरी आले ना?" आत्या डोळे उघडून म्हणाल्या. "म्हणजे मंत्र ऐकून येत नाहीत, टोफूच्या वासानंही येत नाहीत. मग कशानं येतात? पाव तास कुणी यंत्राला हात लावला नाही, की येतात. लिएन, जरा ये इकडे."

"हात लावू नका! मर्त्य हाताचा स्पर्श—"

"माझा हात मर्त्यच आहे, गुरू. दुसरा आणू कुठून?" आत्यांनी माऊस धरला. थुआनकाका गुप्त झाले. चार-दोन ठिकाणी टिकटिक करून त्यांनी पडद्यावर एक चौकट उघडली आणि लिएनला म्हणाल्या, "वाच. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

लिएननं वाचलं. "स्क्रीनसेव्हर: फोटोंची मालिका. किती मिनिटांनी: पंधरा. कुठल्या फोल्डरमधले:" ती थबकली. "फोल्डरचं नाव आहे ‘बाबा’."

"हे तुम्ही घरच्यांनी केलंत?" आत्यांनी तिला विचारलं.

"नाही, आत्या. असलं फोल्डर आमच्या कॉम्प्युटरवर कधीच नव्हतं."

"ऐका मंडळी," आत्या वळल्या. "यंत्र बराच वेळ रिकामं राहिलं, की पडद्यावर चित्रं फिरायला लागतात. त्याला सांगून ठेवावं लागतं, कुठली चित्रं आणि किती वेळानं. कुणीतरी दार लावून बसलं, थुआनचे फोटो वेगळे काढून ठेवले आणि यंत्राला सांगितलं, पंधरा मिनिटांनी हे दाखव. मग उदबत्ती पंधरा मिनिटं जाळून पाहिली आणि तिथे खूण केली. झालं आवाहन! हात लावू नका का? तर हात लावला की यंत्र जागं होतं. क्वोई, तू पूर्वी बाजारात फोटोचं दुकान चालवायचास ना रे?"

एकेरीवर आल्यावर गुरूंच्या झग्यातली हवाच गेली. पण माणूस कसलेला. एक पत्ता त्यांनी राखून ठेवला होता.

"असेल!" ते गरजले. "यंत्र दाखवत असेल. पण यंत्र दाखवतंय ते आलं कुठून? मंडळी, फोटोच्या कोपऱ्यातली केशरी तारीख बघा! एक जानेवारी! आणि हे जाकीट, हा कॅमेरा या घरात आला कधी? फेब्रुवारीत! महिनाभर आधी कॅमेराच नव्हता, तर फोटो काढला कुणी? सांगा, आत्या! आणि कोपऱ्यातलं ते गुलाबी तेज कसलं? या लोकातला फोटो आहे हा?"

ओसरी पुन्हा गार पडली. लिएननं फोटो पडद्यावर थांबवून ठेवला होता. तारीख खरंच एक जानेवारी होती. तेजही होतंच. आत्यांनी ओठ चावला. त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. माहीत नव्हतं ते माहीत नव्हतं. "हे मला नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. "पण सांगता येत नाही म्हणजे भूत, असं नव्हे. शोधायला हवं."

तेव्हा मागच्या खांबाजवळून न्यानबाई उठल्या. सावली पडते की पडत नाही याची पर्वा न करता गर्दीतून वाट काढत पुढे आल्या आणि नाक काचेला टेकेल इतक्या जवळून त्यांनी फोटो पाहिला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

काका हसत होते. गळ्यापर्यंत चेन. कपाळावर घामाचे थेंब.

"तेज?" न्यानबाई म्हणाल्या. "अहो, हा माझा अंगठा आहे!"

कुणाला काही कळेना. त्यांनी आपला उजवा अंगठा पडद्याशेजारी धरला. "हे म्हणाले, अंगठा कॅमेऱ्याच्या काचेवर ठेवू नकोस. मी ठेवला. म्हणूनच हसत होते ते!"

"आणि तारीख?" गुरूंचा आवाज आता बराच खाली आला होता.

न्यानबाईंची नजर फोटोतल्या भिंतीवर गेली. काकांच्या डोक्यामागे रोज एक पान फाडायचं कॅलेंडर टांगलेलं होतं. "लिएन, ते मोठं करून दाखव गं."

लिएननं मोठं केलं. पानावर ठळक आकडा सतरा. त्याच्याखाली, बारीक अक्षरात, तिथीचा आकडा. पहिला महिना, पहिला दिवस.

"हात् तुझी!" न्यानबाईंनी कपाळावर हात मारला, आणि तीन महिन्यांत घरानं ऐकलं नव्हतं तसं हसू त्यांना फुटलं. "अहो, सणाच्या सकाळी स्टुलावर चढून, या कॅलेंडरासमोर उभे राहून ह्यांनी कॅमेऱ्यात तारीख भरली. मी म्हटलं, नीट बघून भरा. तर म्हणाले, वर्षाचा पहिला दिवस, पहिल्या महिन्याची पहिली, त्यात बघायचं काय! ह्यांनी तारखेच्या जागी तिथी भरली!"

आता आत्यांच्या चेहऱ्यावर चांदणं पसरलं. "थांबा, थांबा. तसं असेल तर ते पडताळून बघता येईल. त्या दिवशी कॅमेरा दीड महिना मागे गेला. म्हणजे त्यानंतरचा प्रत्येक फोटो दीड महिना मागेच पडला असणार. लिएन, सतरा फेब्रुवारीला काय सापडलं होतं तुला?"

"हाईकाकांची बदकाची पिल्लं."

"हाई, तुमची पिल्लं अंड्यातून बाहेर कधी आली?"

"एप्रिलात!" हाईकाका उभेच राहिले. "फेब्रुवारीत कसली पिल्लं? तेव्हा तर बदकीण अंड्यावर बसलीसुद्धा नव्हती! मी कधीपासून म्हणतोय, पण माझं ऐकतंय कोण?"

"तुम्ही कधी म्हणालात?" तुयेत.

"मनात म्हणत होतो."

लिएनची बोटं भराभर चालायला लागली. एक जानेवारी: तेतचा सण, सगळाच्या सगळा. कलिंगड, फुलांच्या टोपल्या, तुयेतच्या दारातली गर्दी. दीड महिना मागे गेलं, की ज्याचा फोटो त्याला सापडत होता. लोक आता यंत्राला हात जोडत नव्हते, एकमेकांना ढकलत ओरडत होते, "माझ्या मुलीचं लग्न बघ गं!" "आमची नवी होडी!"

क्वोई पायऱ्यांकडे सरकत होता. आत्यांनी नुसतं नाव घेतलं, तसा थांबला.

"क्वोई, हिनं तुला काय विचारलं होतं? फोटो कुठे आहे. तुला तो अर्ध्या तासात सापडला. जे कुणाला जमलं नाही ते तुला जमलं! तेवढंच सांगितलं असतंस, तर या घरानं तुला जन्मभर जेवायला बोलावलं असतं. दुकान बंद पडलं म्हणून माणसाचं हृदय विकायला काढायचं का रे?"

क्वोईनं मान वर केली नाही. तसाच म्हणाला, "छापायचं यंत्र अजून आहे माझ्याकडे."

"मग छापून आण. चौरंगावर बसेल एवढा. उद्या सकाळी. आणि झगा घालून येऊ नकोस, शाई लागेल."

दुसऱ्या दिवशी शंभरावा दिवस झाला. काकांना तिकडे मिळाव्यात म्हणून रिवाजाप्रमाणे कागदी वस्तू जाळल्या: कागदी घर, कागदी होडी आणि लिएननं खोक्याच्या पुठ्ठ्याचा केलेला एक कॉम्प्युटर. न्यानबाईंनी त्याला दोऱ्यानं पुठ्ठ्याचा माऊस बांधला. "असू दे. तिकडे कुणी भोंदू भेटला, तर हलवतील."

आत्यांनी प्रवचन केलं ते छोटंच. म्हणाल्या, "बायांनो, बाबांनो, श्रद्धा सोडा असं मी सांगेन होय? मीच उपाशी मरेन! पण श्रद्धा म्हणजे डोळे मिटून बसणं नव्हे. थुआनवर प्रेम करायला न्यानला चमत्कार लागला नाही, पन्नास वर्षं लागली. उद्या कुणी तुम्हाला म्हणाला, जवळ येऊ नका, हात लावू नका, विचारू नका, तर समजा, तिथेच जवळ जायचं, तिथेच हात लावायचा, तिथेच विचारायचं. आणि उत्तर येत नसेल तर माझ्यासारखं सांगायचं, येत नाही. त्यात लाज नाही. देव प्रश्नांना घाबरत नाही. घाबरतो तो दुसराच कुणीतरी असतो."

चौरंगावर आता हसरे थुआनकाका बसले. कोपऱ्यातला अंगठा कापून टाकू का, असं क्वोईनं विचारलं होतं. न्यानबाई म्हणाल्या, "बोट लावून तर बघ!"

त्या संध्याकाळी लिएननं सगळे फोटो तैवानला पाठवले. बाबांना शिकायचं राहून गेलेलं ते जोडणं तिनं आईला शेजारी बसवून, एकेक पायरी दाखवत केलं. शेवटचं बटण न्यानबाईंनी दाबलं, त्याच अंगठ्यानं.

सकाळी विन्हचं उत्तर आलेलं होतं. दोनच ओळी. लिएननं मोठ्यानं वाचल्या.

"जाकीट अगदी मापाचं बसलंय. आई, कोपऱ्यातला अंगठा तुझा ना?"